सात पायऱ्या, एक बादली

आमच्या घराच्या भिंतींना रंग नव्हता, पत्रकं होती. वडील मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवतात. छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणत आणि आई ती ओल आलेल्या भिंतींवर चिकटवी. त्यामुळे मी अक्षरं शिकलो ती ‘दारू सोड’ आणि ‘आज नाही तर केव्हा?’ यांवरून. माझ्या जेवायच्या जागेसमोर ‘तू तयार आहेस का?’ असं मोठ्या टाइपात होतं. ते भाकरीबद्दल आहे असं समजून मी सात वर्षांचा होईपर्यंत रोज ‘हो’ म्हणत असे.

अशा घरातल्या मुलाने बाविसाव्या वर्षी स्वतःचं पत्रक लिहावं यात नवल नाही. नाव : ‘क्लेशांत हर्ष : सात पायऱ्या’. तोवर माझ्या वाट्याला आलेले क्लेश दोन : अक्कलदाढ आणि इंग्रजीचा पेपर. पण तत्त्वाला अनुभव लागतो असं मला वाटत नव्हतं. पाचशे प्रती निघाल्या. नगरात बसस्टँडवर उभं राहून मी त्यांतल्या दीडशे वाटल्या. एका बाईने त्यात लगेच शेंगा बांधून घेतल्या, तेव्हा मी तिला पहिली पायरी तोंडी सांगितली.

मग गेल्या नाताळच्या आठवडाभर आधी वडिलांनी माझ्या हातात दोन परतीची तिकिटं ठेवली. सगुणाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. चंदीगडला सेक्टर ३२ मधल्या सरकारी इस्पितळात नर्स आहे. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. पंजाबातल्या अतिरेकी हल्ल्यांच्या बातम्या वाचून वडील रोज सकाळी वर्तमानपत्र उलटं घडी घालून ठेवत, जणू त्याने बातमी आतच राहील.

“एक तिकीट तुझं, एक तिचं,” ते म्हणाले. “दुसरं रिकामं आणू नकोस.”

माझ्या मनात आणखी एक बेत होता. आत्याने इतकी वर्षं एकटीने, गोळ्यांच्या आवाजात, विश्वास धरून काढली. तिच्या दुःखांची एक नीट यादी मिळाली की माझ्या पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीला धार येणार होती. उरलेल्या साडेतीनशे प्रती, एक वही आणि आईने दिलेला करंज्यांचा डबा घेऊन मी निघालो.

झिरकपूरचा फाटा

अंबाल्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही, मी झोपलो होतो. अंबाल्याहून बस धरली. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं आणि त्यांवर दुधावरच्या सायीसारखं धुकं. झिरकपूरला फाटा, दोन ढाबे आणि वाळूच्या पोत्यांची एक भिंत होती. भिंतीमागून जवान आले आणि त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

“डिब्बे में क्या है?”

“करंजी. नाताळची.”

“खोल.”

मी डबा उघडला. जवानाने आत पाहिलं. त्याने असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती हे उघड होतं. “खा,” तो म्हणाला. मी एक खाल्ली. “नीचे वाली खा.” मी खालच्या थरातली खाल्ली. “बीच वाली.” मधली खाल्ली. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिला. मी फुटलो नाही. मग त्याने स्वतः एक खाल्ली, आणि दुसऱ्या जवानाला हाक मारून सांगितलं की माल संशयास्पद आहे, तूही तपास.

पत्रकं मात्र त्याने मन लावून वाचली. “सात सीढ़ियाँ? कहाँ जाती हैं?”

“आनंदाकडे. मतलब, खुशी की तरफ.”

“ऊपर?”

“हो. ऊपर.”

“चल, चढ़,” तो म्हणाला आणि त्याने मला बसच्या पायरीकडे ढकललं. शहरात शिरेपर्यंत आणखी दोन नाके लागले. सेक्टर २२ ला उतरलो तेव्हा माझ्या पोटात नऊ करंज्या होत्या आणि क्लेश म्हणजे काय याची अंधुक कल्पना येऊ लागली होती.

सेक्टर २२

चंदीगडात सगळं आकड्यांत असल्याने पत्ता विचारावा लागत नाही, असं मला सांगितलं होतं. आमच्याकडे ‘चिंचेच्या पुढे, शिंप्याच्या बोळात’ म्हटलं की माणूस पोहोचतो. इथे आकडा पाठ असूनही मी एकाच चौकातून तीनदा गेलो, कारण सगळे चौक बहिणी-बहिणींसारखे. तिसऱ्यांदा मला पाहून मुळ्यांचा गाडीवाला म्हणाला, “बाबूजी, अब तो मूली ले ही लो.” अब्रूखातर मी दोन जुड्या घेतल्या.

घर सापडलं. पुढच्या दाराची कडी वाजवायला हात उचलला तोच वरून आरोळी आली.

“समू! हात लावू नकोस त्या दाराला!” गच्चीच्या कठड्यावरून आत्या अर्धी बाहेर वाकली होती. अंगात नर्सचा पांढरा पोशाख, त्यावर लाल स्वेटर. “मागच्या जिन्याने ये. आणि ते मुळे बादलीत टाक.”

दोरीला बांधलेली पत्र्याची बादली माझ्या डोक्याशी येऊन टेकली. मी मुळे टाकले. बादली वर गेली. पंजाबात माझं स्वागत असं झालं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात. त्यांना सगळे बीजी म्हणतात. त्यांचे यजमान शाळामास्तर होते. दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी कुणीतरी पुढच्या दारातून मास्तरांना हाक मारली. त्यांनी दार उघडलं. बाहेर कांबळी पांघरलेली माणसं उभी होती. यापुढचं आत्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून बीजींनी आपल्या लग्नातली लोखंडी ट्रंक त्या दाराला आतून लावून ठेवली आहे. मागच्या जिन्यानेही त्या बाहेर पडत नाहीत. दूध, कोबी, पीठ, औषध, जे काही यायचं ते आत्याच्या गच्चीवर बादलीने चढतं आणि घराच्या आतल्या जिन्याने खाली बीजींकडे उतरतं.

पहिल्याच संध्याकाळी मी वहीत नोंदी केल्या. प्रवाशाने निरीक्षण करावं. एक नोंद अशी : ‘इकडे प्रत्येक घराच्या खिडकीशी एक थाळी व पळी टांगलेली असते. अन्नाबद्दलची कृतज्ञता. आपल्याकडे ही सुंदर चाल नाही.’ आत्या मला या थाळ्यांबद्दल काही सांगू लागली होती, पण तेव्हा मी तिला चौथी पायरी समजावून देत होतो.

आत्याने मक्याची रोटी, सरसोंचा साग आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा वाढला. माझं पोट नऊ करंज्यांनी व्यापलेलं होतं, तरी मी जेवलो. मग वही काढली.

“आत्या, तुझी साक्ष सांग. तुझे क्लेश. अनुक्रमाने.”

“लिही. एक, गुडघा. डावा. दोन, उजवा.”

“आत्या!”

“तीन, वॉर्डातली नवी ट्रॉली. तिचं एक चाक कुरकुरतं, सगळे पेशंट जागे होतात.”

“यजमान गेले तेव्हाचं सांग. एकटेपणाचं. तू हर्ष कसा केलास?”

ती भांडी विसळत होती. थांबली नाही. “हर्ष कुठला रे. रोज रडत होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला गाणं तर म्हणायला हवं, म्हणून रडत रडत गायचे. भयंकर सूर. तुझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर देवाची माफी मागितली असती. पण सूर बिघडला म्हणून देव काही उठून जात नाही, एवढं मला कळलं. मग एक दिवस गाताना हसू आलं. स्वतःच्याच आवाजाचं.”

मी लिहिलं नाही. यात पायरी कुठली धरावी ते समजेना.

मग मी तिकिटं काढून टेबलावर ठेवली. आत्याने ती उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

“तुझ्या बापाला सांग, मी येते. बादली ओढायला कोण येतंय तेवढं कळव.”

“बीजींची दुसरी सोय करू.”

“त्या दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाहीत. मी दोन दिवस आजारी पडले तर दोन दिवस उपाशी राहिल्या.”

“मग त्यांचं दार उघडायला नको का? भीतीत राहणं हे... माझ्या पाचव्या पायरीत स्पष्ट आहे, आत्या. दार उघडणे!”

“तुझ्या पायऱ्या जरा बाजूला ठेव, घसरशील,” आत्या म्हणाली. पण मला मात्र सगळं लख्ख दिसलं होतं. दार उघडलं, की बादली संपली. बादली संपली, की आत्या मोकळी. दुसरं तिकीट रिकामं जाणार नव्हतं.

नाताळचा आदला दिवस

आमच्या नगरकडे नाताळची गाणी रात्री घरोघर म्हणतात. ढोलकी, झांज आणि कंदिलाची चांदणी घेऊन मंडळी दारापुढे उभी राहतात. कडी वाजवायची नाही. घरधनी दार उघडून दिवा दाखवीपर्यंत गात राहायचं. दार न उघडता पुढे जाणं म्हणजे त्या घराचा अपमान.

चंदीगडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत आत्या धरून माणसं चार. बाकीचे तिघे साळवे : हवाई दलातले सार्जंट साळवे, त्यांच्या पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी पिंकी. पिंकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. ही मंडळी गाणी भर दुपारी म्हणतात, कारण अंधारात कुणी बाहेर पडत नाही. एवढंच नव्हे, तर साळवे आदल्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन सांगून येतात : उद्या तीन वाजता आम्ही येऊ, चौघं असू, ढोलकी आमचीच.

मी भडकलो होतो. “आनंदाची वार्ता वेळ ठरवून? मेंढपाळांना कुणी आदल्या दिवशी कळवलं होतं?”

“म्हणूनच घाबरले ना बिचारे,” आत्या म्हणाली. “देवदूताला आधी त्यांची समजूत काढावी लागली, मग बातमी सांगता आली. आणि एक ऐक. खालच्या दारापुढे गायचं नाही. बीजींसाठी आपण वर गच्चीत गातो.” असं म्हणून ती सायकलवर ड्युटीला गेली. दोन वाजता परतणार होती.

तयारीसाठी साळवे मंडळी बाराला हजर. थंडी इतकी होती की चौघांनीही कांबळी पांघरली होती. म्हणजे ते तिघे आणि मी. कामटी आणि जिलेटिनच्या कागदाची मोठी चांदणी होती, आत टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि लांब वायर. मी मंडळींना गच्चीवर चढू दिलं नाही. मागच्या बोळातच मी भाषण केलं. सत्य, धैर्य, पूर्वजांची चाल, बंद दारं. साळवे ताठ उभे राहून ऐकत होते. नंतर ते म्हणाले की आवाज मोठा असला की त्यांना तो हुकूम वाटतो.

“आंटी को पूछा?” पिंकीने विचारलं.

“सत्याला परवानगी लागत नाही.”

“मतलब नहीं पूछा,” पिंकी म्हणाली. पण तिनेही झांज घेतली.

आम्ही पुढच्या दाराशी ओळीने उभे राहिलो आणि सुरुवात केली. पहिलं गाणं झालं. दार बंद. दुसरं झालं. खिडकीच्या पडद्याची कड हलली. “आवाज वाढवा!” मी म्हणालो. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर आतून थाळीचा आवाज आला. ठण्, ठण्, ठण्.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “ठेका! त्या ठेका धरताहेत!”

ढोलकी द्रुत झाली. आतली थाळीही द्रुत झाली. तेवढ्यात शेजारच्या घरातून दुसरी थाळी वाजली. मग समोरून तिसरी. बघता बघता सगळ्या गल्लीत ठणठणाट उठला. मी दोन्ही हात वर करून गात होतो. सेक्टर २२ ने आनंदाची वार्ता स्वीकारली होती! मनातल्या मनात मी मथळासुद्धा जुळवला.

“भैया,” पिंकी म्हणाली, “पीछे देखो.”

मागे वीसेक माणसं होती. हॉकीच्या काठ्या, लाटणी, एक क्रिकेटची बॅट. मधोमध पांढऱ्या दाढीचे, पायजम्यावर फौजी कोट घातलेले एक निवृत्त सुभेदार, हातात दुनळी बंदूक. कुणीही गात नव्हतं.

“कंबल नीचे!” सुभेदार म्हणाले. आम्ही कांबळी टाकली. थंडी अशी लागली की साळव्यांची ढोलकी आपोआप वाजू लागली. “ये तार वाला क्या है?”

“चांदणी. तारा है जी.”

“जलता क्यों है?”

“तारा जलता ही है,” पिंकी म्हणाली आणि तिच्या आईने तिला कोपर मारलं.

ओळख म्हणून मी पत्रक पुढे केलं. सुभेदारांनी बंदूक काखेत धरून ते वाचलं. “क्लेश,” ते मान डोलावत म्हणाले, “ये तो सही लिखा है.” मग त्यांनी आम्हांला दारापुढच्या ओल्या गवतावर ओळीने बसवलं, हात डोक्यावर.

त्या गल्लीत ज्याला भीती वाटेल त्याने थाळी वाजवायची आणि बाकीच्यांनी धावायचं, असं मास्तर गेल्यानंतर ठरलेलं होतं. कृतज्ञतेचा काही संबंध नव्हता. हे मला गवतावर बसून कळलं. आतली थाळी अजून वाजत होती. आता त्यात ठेका नव्हता. पडद्याच्या फटीतून मला एक म्हातारा हात दिसला. त्या हातातली पळी थाळीला लागत होती, चुकत होती, पुन्हा लागत होती. समोर सगळे शेजारी आले होते तरी तो हात थांबेना.

माझ्या साती पायऱ्या त्या खिडकीखाली कुठेतरी गळून पडल्या.

दोन वाजता आत्या सायकलवरून आली. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं. मागून वर गेली. थोड्या वेळाने थाळी थांबली. मग आतून गाण्याचा आवाज आला, आत्याचा, एकटीचा, हळू आणि खरोखर भयंकर सुरात. तो संपला तेव्हा ती गच्चीत आली आणि बादली खाली सोडली.

“सुभेदारजी, माझेच आहेत. सोडा. अक्कल नाही, पण माझेच आहेत,” हे तिने हिंदीत सांगितलं. मग मराठीत, मला : “पत्रकं बादलीत टाक. सगळी. बीजींना थंडी वाजून आलीय, शेगडी पेटवायचीय.”

मी साडेतीनशे प्रती बादलीत भरल्या. मला म्हणावंच लागेल की चांगल्या पेटल्या. वडील कागद उत्तम वापरतात.

बादलीची नोकरी

माफी मागायची कशी, हा प्रश्न होता. मी चिठ्ठी लिहितो म्हणालो. “नको,” आत्या म्हणाली. “तू लिहिलंस की लोक धावतात. उद्यापासून बादली तू ओढ.”

नाताळच्या सकाळी सहाला दूधवाल्याने खालून हाक दिली. मी ओढलं. अर्धं दूध गल्लीत सांडलं. उरलेलं घेऊन आतल्या जिन्याने उतरलो. बीजी शेगडीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरी ओढणी, पातळ चष्मा. त्यांनी तोंड फिरवलं. मी पातेलं ठेवून उलट्या पावली वर आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं नाही. पातेल्यात पाहिलं आणि म्हणाल्या, “बाकी दूध किसको पिलाया?”

तिसऱ्या दिवशी आत्या मला दोरी कशी धरायची ते शिकवत होती. “झटका देऊ नकोस. हात बदलत बदलत. तुला पायऱ्या हव्या होत्या ना? आनंद असाच येतो बघ, खालून, रोज थोडा, आणि निम्मा सांडतो. म्हणून काय ओढायचं सोडायचं? मी हे ओढताना दर हाताला एकेकासाठी प्रार्थना करते. दूधवाला, तुझा बाप, कुरकुरणारी ट्रॉली.”

“आणि बीजींनी दार उघडावं म्हणून?”

“ते त्यांचं त्या त्यांच्या देवाशी बोलतात. पोथीचा पाठ करतात रोज पहाटे. देवाची कमी नव्हती त्यांच्याकडे. दूध आणून देणाऱ्याची होती.”

त्या दिवशी मी डब्यातल्या उरलेल्या चार करंज्या खाली नेल्या. बीजींनी एक उलटसुलट पाहिली. झिरकपूरचं आठवून मी आधी स्वतः एक खाल्ली. त्या हसल्या नाहीत, पण चष्म्याआड काहीतरी हललं. त्यांनी मला गुळाची पिन्नी दिली, म्हणजे तिकडचा लाडू, मुठीएवढा, तुपाने जड. मग म्हणाल्या, “ओ गाना सुना. जो बाहर गा रहा था. पर धीरे.”

मी धीरे गायलो. बीजी ऐकत राहिल्या. मग उठल्या, खिळ्यावरची थाळी काढली, मांडीवर घेतली आणि बोटांनी, पळीने नव्हे, ठेका धरला. अचूक धरला. माझा ताल चुकला तेव्हा थांबून म्हणाल्या, “तेरी बुआ तेरे से अच्छा गाती है.” आत्याच्या गाण्याबद्दल असं बोलणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. जिन्यात आत्या हसताना ऐकू आली.

निरोप

निघायचा दिवस आला. एक तिकीट खिशात घातलं, दुसरं आत्याच्या टेबलावर राहिलं. तिने ते मिठाच्या बरणीखाली ठेवलं, दमटपणा लागू नये म्हणून. वडिलांना काय सांगू, असं मी विचारलं. “सांग, ती गाते,” आत्या म्हणाली.

मी मागच्या जिन्याने उतरलो आणि वळसा घालून गल्लीत आलो. आत्याने माझी पिशवी बादलीतून सोडली, पिन्न्यांचा डबा वर ठेवून. मी पिशवी उचलली, वर हात केला, आणि निघालो.

तेवढ्यात थाळी वाजली.

ठण्, ठण्, ठणठण्. मी ओळखलं. तिसऱ्या गाण्याचा ठेका. पडद्याची कड बाजूला होती आणि बीजी मला निरोप देत होत्या, आता पळीने, चांगला मोठ्याने, अगदी तालात.

आणि अर्थातच गल्ली धावली. हॉकीच्या काठ्या, लाटणी, बॅट. दाढी बसवायला फडका बांधलेले सुभेदार, दुनळी घेऊन. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. “फिर तू?”

“मी नाही! मैंने कुछ नहीं किया!” मी पिशवी टाकून हात डोक्यावर ठेवले. सवयीने गवतावर बसलोही.

थाळी थांबली. खिडकीतून बीजी काहीतरी ओरडत होत्या, पण गल्लीच्या गलक्यात कुणाला ऐकू जाईना. सुभेदार माझ्याकडे येऊ लागले. तेव्हा आतून एक आवाज आला. लोखंड फरशीवर ओढल्याचा. थोडा ओढला, थांबला. पुन्हा थोडा. वर आत्याने कठडा घट्ट धरला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, सगळे जागच्या जागी उभे होते.

कडी निघाली. दार उघडलं. बीजी उंबऱ्यात उभ्या होत्या, एका हातात थाळी, एका हातात पळी, श्वास लागलेला.

“बैठो मत, गाड़ी छूट जाएगी!” त्या माझ्यावर ओरडल्या. मग पळी सुभेदारांकडे रोखून : “मुंडा जा रहा है. खुशी से बजाई. खुशी से कोई बजा नहीं सकता?”

सुभेदारांनी बंदूक खाली केली आणि दाढीचा फडका सोडला. वरून आत्या म्हणाली, “बीजी, दार उघडंच आहे तर दूध आत घेऊ का पुढून?”

“ना,” बीजी म्हणाल्या. “बादली ठीक है.” पण त्यांनी दार लावलं नाही. मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हाही त्या उंबऱ्यातच होत्या आणि सुभेदार त्यांना कुणाच्यातरी हॉकीच्या काठीने हवेत ताल धरून काहीतरी विचारत होते.

घरी पोहोचलो. वडिलांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पिन्नी चघळत होते. शेवटी म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीचे खिळे जुळवून ठेवलेत. काही बदल?”

“अगदी वर एक ओळ घाला. ‘दार वाजवण्याआधी विचार, आत कुणी घाबरलंय का.’”

“वर जागा नाही.”

“मग साती पायऱ्या काढा.”

पत्रक तसंच निघालं, एक ओळ आणि खाली कोरा कागद. मी शंभर प्रती आत्याला पाठवल्या. तिचं उत्तर आलं : पत्रक बीजींना समजावून सांगितलं, एकच ओळ असल्यामुळे त्या शेवटपर्यंत जाग्या राहिल्या. सुभेदारांनी दोन प्रती नेल्या. बाकीच्या शेगडीजवळ ठेवल्या आहेत, थंडी अजून आहे.